कापडाखालची जांभळी रेघ

थोरली गेली तेव्हा डाव धाकटीचा होता. हे फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक आता नव्हती.

दोघी सख्ख्या जावा. दोघी आर्किटेक्ट, एकाच कचेरीतल्या. थोरली तिथे आधी लागली. नंतर धाकटी आली. तिच्या ड्रॉइंगवर नजर टाकून थोरलीने घरी सासूला सांगितलं होतं, “मुलीची रेघ चांगली आहे. आपल्या धाकट्यासाठी बघू या.” सासू म्हणाली, “रेघ काय करायची आहे? नाक कसं आहे ते सांग.” पण लग्न झालं. त्यानंतर नातेवाइकांत कुठे दोन जावांचं भांडण निघालं की ह्या दोघींचं उदाहरण दिलं जायचं, आणि त्या दोघींना ते ऐकून ओशाळल्यासारखं व्हायचं. कारण भांडत त्याही होत्या. फक्त बोलून नाही.

कचेरीचं काम जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं. नवीन काही बांधायचं नसे. उभं आहे त्यातलं काय ठेवायचं आणि काय पाडायचं, एवढंच ठरवायचं. सलग रेघ म्हणजे राहणार. तुटक रेघ म्हणजे पाडायचं. गवंडी नकाशावर तुटक रेघ कुठे आहे तेवढं बघायचा आणि घण उचलायचा. एकदा एका नवशिक्याच्या हातून चुकीच्या भिंतीला तुटक रेघ गेली आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं न्हाणीघर चारचौघांसमोर उघडं पडलं. तेव्हापासून तुटक रेघ काढताना थोरली श्वास रोखून धरायची.

कचेरी बंद पडली, तशा दोघी चिकटचित्रं करू लागल्या. लोक त्यांना कोलाज म्हणत. थोरलीच्या घरामागे गाडी ठेवायची लांबट खोली होती. तिचं छप्पर काढून तिथे दुधी पत्रे घातले. उजेड वरून येई, त्यामुळे भिंतींना खिडकी नव्हतीच. दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीला थोरलीचं टेबल, उजव्या भिंतीला धाकटीचं, आणि मधे पाठीला पाठ लावून दोन स्टुलं. डावीकडे, थोरलीच्या टेबलापलीकडच्या कोपऱ्यात, हात धुवायचं बेसिन. खोलीत एवढंच.

कामाची रीत अशी. प्लायवूडचा एक बोर्ड घ्यायचा. एकीने त्यावर हवं ते लावायचं: जुन्या नकाशाचा तुकडा, भिंतीवरून निघालेला रंगाचा पोपडा, प्लास्टरची ढलपी, वायर, जाळी, कापड. मग मागे वळून दुसरीच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, “घे, तुझा डाव.” तिने त्यावर तिचं लावायचं. असा बोर्ड महिनोन्‌महिने फिरे. नियम तीन. विचारायचं नाही. सांगायचं नाही. चिकटवलेलं उचकटायचं नाही, झाकायला मुभा. आणि जिला वाटेल की पुरे झालं, तिने आपल्या डावात काही न लावता मागच्या बाजूला दोघींच्या वतीने सही करायची. मग बोर्ड संपला.

थोरलीचा नवरा दातांचा डॉक्टर. सगळे त्यांना दादा म्हणत, धाकटीसुद्धा. त्यांच्या दवाखान्यातले जुने एक्स-रे ह्या दोघी पळवून आणत आणि इमारतींच्या खिडक्यांच्या जागी लावत. प्रदर्शनात लोक जवळ जाऊन म्हणत, “काय गूढ उजेड आहे ह्या खिडक्यांत!” दादा मागे उभे राहून पुटपुटत, “दाढ आहे ती. खालची. किडलेली.”

थोरलीचा आजार लपवण्यासारखा नव्हता आणि बरा होण्यासारखाही नव्हता. जमलं तेवढे दिवस ती खोलीत येत राहिली. शेवटी आली त्या दिवशी तिने बोर्ड धाकटीच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्याला रबर सोल्युशनचा वास येत होता. धाकटीने नाक मुरडलं. दोघी कायम खळ वापरत, स्टोव्हवर शिजवलेली, पातळ.

“आज खळ नाही वाटतं?”

“ढवळायचा कंटाळा आला.”

बोर्डावर पांढरं कापड होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून लावलेलं. बाकी काही नाही. इतके महिने दोघींनी जे रचलं होतं, ते सगळं खाली.

“हे काय जाऊबाई, चादर घातलीत की काय त्याला?”

“विचारायचं नाही,” थोरली म्हणाली. “घे. तुझा डाव.”

त्यानंतर ती खोलीत आली नाही.

ती गेल्यावर महिना उलटून गेला तरी धाकटीचं पाऊल तिकडे वळलं नाही. दादांनी खोलीला हात लावला नव्हता. थोरलीच्या टेबलावर तिच्या कात्र्या, पट्ट्या, अर्धवट कापलेला पुठ्ठा, सगळं होतं तसं. “टेबल हलवायचं नाही,” त्यांनी एकदा सांगितलं होतं, कोणी न विचारता. मग चित्रांच्या दालनाच्या बाईंचा फोन आला. प्रदर्शन ठरलेलं होतं, बाकीचे बोर्ड त्यांनी नेले होते, एकच राहिला होता. “तुम्हाला जमेल तसं करा हो,” बाई म्हणाल्या, “पण सही दोघींची हवी.”

धाकटीने मनाशी ठरवलं. एक कागद लावायचा, आपला म्हणून. वाळला की सही करायची. मग ती खोलीही संपली, ते कामही संपलं. तिला आता घरी बसायचं होतं. उघड्या पडलेल्या पाठीने त्या स्टुलावर बसणं तिला जमणार नव्हतं. इतकी वर्षं पाठीमागे कोणीतरी होतं. कात्रीचा आवाज, खोकला, स्टूल सरकल्याचा आवाज. आता तिथे टेबल होतं आणि आवाज नव्हता. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, स्टूल फिरवून बस.

सकाळी जाऊन तिने खळ शिजवली. पिवळा पतंगी कागद फाडून घेतला आणि बोर्डाच्या खालच्या कडेला, कापडावर, आडवा लावला. खळ भरपूर घेतली. हाताने सुरकुत्या काढल्या आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या कागदावर एक जांभळी रेघ होती.

रेघ नव्हे, दोन. एक सरळ, आणि तिच्या टोकापासून निघालेली वर्तुळाची पाव कमान. जगातला कोणताही आर्किटेक्ट झोपेतून उठवला तरी सांगेल की हे दार आहे: सरळ रेघ म्हणजे फळी, कमान म्हणजे ती उघडते तो रस्ता. दोन्ही रेघा जिथे भेटत होत्या, तिथे त्या एकमेकींना ओलांडून जराशा पुढे गेल्या होत्या. ही थोरलीची सवय. कोपरा नीट मिटला पाहिजे, जास्त गेला तर चालेल, उघडा राहता कामा नये, असं ती म्हणायची.

धाकटी दाराला पाठ टेकून उभी राहिली. खोलीला कुलूप होतं. एक किल्ली तिच्याकडे, एक दादांकडे. दादांना सरळ रेघ काढता येत नाही हे सर्वांना माहीत होतं. त्यांनी घराचा पत्ता समजावायला काढलेला नकाशा घेऊन एक पाहुणा स्मशानात पोचला होता.

जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, “बोर्डावर काहीतरी उमटलंय.”

“ओल असेल.”

“ओलीला दार काढता येतं?”

नवऱ्याने घास थांबवला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणसाला जे दिसतं त्यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. “डोळे तपासून घे,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “मी येऊ का उद्या तुझ्याबरोबर?”

“नको.”

खरं कारण तिला रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं, आणि आठवल्यावर बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. थोरलीचे वडील पार्सल कचेरीत होते. तिथे पुडक्यांवर लिहायला एक पेन्सिल असे. कोरडी असेपर्यंत साध्या शिशासारखी करडी. पाणी लागलं की जांभळी होते, शाईसारखी पसरते आणि पुसत नाही. थोरलीकडे त्या पेन्सिलींच्या तुकड्यांचा डबा होता. टोक जिभेला लावून लिहायची खोड होती तिला. जीभ जांभळी व्हायची, आणि दादा म्हणायचे, “पेशंट म्हणून आली असतीस तर इस्पितळात धाडली असती.”

म्हणजे कापडाखाली चित्र होतं. त्या पेन्सिलीने काढलेलं. म्हणूनच थोरलीने खळ वापरली नव्हती. पाण्याचा थेंब लागू न देता, रबर सोल्युशनने, कोरडं ठेवून झाकलं होतं. पुढचा डाव धाकटीचा आहे, ती खळ लावणार, आणि खळ लागली की ते वर येणार, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा आपण इथे नसणार हेही.

सगळं कळलं होतं. भुताखेताचं काही नव्हतं. तरी सकाळी कुलूप उघडताना तिने आधी दार वाजवलं.

पिवळ्या कागदावरची रेघ रात्रीत जाड झाली होती. कडा फुटल्या होत्या. संध्याकाळपर्यंत दाराची कमान म्हणजे नुसता जांभळा ओघळ झाला. म्हणजे ओलं केल्याशिवाय दिसणार नाही, आणि ओलं केलं की टिकणार नाही. एक सकाळभर दिसेल, मग डाग.

आणि ते दार चुकीचं होतं. खोलीचंच दार असणार, खोलीची रुंदी, भिंतीपासूनचं अंतर, सगळं तिच्या डोळ्यांना पाठ होतं. पण खोलीचं दार उजव्या बाजूला बिजागरीवर होतं आणि चित्रातलं डाव्या. थोरली मरायला टेकली तरी दाराची बाजू चुकणार नाही. धाकटीने बोर्ड फिरवून पाहिला, उलटा धरला, आडवा धरला. दार कसंही फिरवलं तरी चुकीच्याच हाताला उघडत होतं. आपल्या खोलीसारखी एक खोली, पण आपली नाही. जिथे आपण आत शिरायला डावा हात पुढे करतो, तिथे कोणीतरी उजवा करतंय.

तिने सही केली नाही. डाव तिचाच होता, आणखी लावायला हरकत नव्हती. मधला भाग सोडून तिने डाव्या आणि उजव्या कडेला पतंगी कागदाचे दोन उभे पट्टे लावले. ह्या वेळी ती तिथेच बसून राहिली, बोर्डाकडे तोंड करून, पाठ भिंतीला लावून.

उन्हं पत्र्यावर आली तेव्हा पट्ट्यांवर टेबलं उमटली. डाव्या पट्ट्यात एक लांबट चौकोन, सलग रेघेचा. उजव्या पट्ट्यात तसाच दुसरा. त्याची रेघ तुटक होती. तुकडा, जागा, तुकडा, जागा. सगळ्या जागा सारख्या. श्वास रोखून काढलेली.

उजवीकडचं टेबल धाकटीचं.

ती बराच वेळ पाहत राहिली. सलग, राहणार. तुटक, पाडायचं. यात अर्थ लावण्यासारखं काही नव्हतं. तिने हजारो वेळा असं ड्रॉइंग गवंड्याच्या हातात दिलं होतं. बघता बघता तुटक रेघेच्या जागा भरू लागल्या. जांभळं सरकत होतं. एक तुकडा दुसऱ्याला टेकला, मग तिसऱ्याला. दुपारपर्यंत दोन्ही टेबलं सारखीच दिसायला लागली. पण तिने पाहिलं ते पाहिलं होतं.

घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, “जाऊबाईंनी मला पाडलं.”

“म्हणजे?”

तिने सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मेलेल्या बाईशी भांडण उकरणारी तू पहिलीच.”

“भांडण मी नाही उकरलं. तिने उकरलं. मला उत्तर देता येणार नाही अशा ठिकाणी जाऊन.”

“वहिनी असं करायची नाही.”

“तू तिच्याबरोबर काम केलंयस? मी केलंय. माझं सगळ्यात चांगलं काही लागलं की पुढच्याच डावात ती त्यावर प्लास्टर फासायची. विचारायचं नाही ना! मी नाही विचारलं.”

“आणि तू?”

“मीही फासायची,” ती म्हणाली. “पण मी जिवंत असताना.”

यावर नवरा हसला आणि मग त्याला हसल्याचं वाईट वाटलं.

पुढचे काही दिवस ती गेली नाही. तिला स्वतःहून सोडायचं होतं, ते वेगळं. बाहेर काढलं जाणं वेगळं. घरात भांडी आपटली जात होती. शेवटी दादांचाच फोन आला. “येत नाहीस? दिवा लावायला म्हणून मी रोज जातो तिथे. तुझी खळ नासली आहे. वास येतोय.” ती म्हणाली, “येते. माझं सामानही घेऊन जाते एकदा.”

ती गेली तेव्हा ते खोलीतच होते, थोरलीच्या टेबलापाशी, उभे. त्या टेबलापाशी ते बसत नसत. धाकटीने खळीचं भांडं उचललं, कोपऱ्यातल्या बेसिनमधे ओतलं, आणि भांडं घासता घासता तिची नजर स्वतःच्या टेबलावरच्या बोर्डाकडे गेली. उजव्या पट्ट्याची ओल इतक्या दिवसांत वर चढली होती, आणि वरच्या कोपऱ्यात आणखी एक आकार उमटला होता. छोटा चौकोन, त्यात गोल. बेसिन. उजव्या कोपऱ्यात.

ती ज्या बेसिनशी उभी होती ते डाव्या कोपऱ्यात होतं.

“दादा,” ती म्हणाली, “इकडे या जरा. हे बघा. ही आपली खोली आहे की नाही?”

दादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोर्डावर वाकले. पेशंटच्या तोंडात वाकायचे तसे. एकदा बोर्ड, एकदा खोली.

“आहे,” ते म्हणाले. “फिल्म उलटी लावली आहे.”

“काय?”

“एक्स-रे. पालथा धरला की डावं उजवीकडे जातं. शिकाऊ पोरं असलेच घोटाळे करतात. चांगला दात उपटून ठेवतात आणि किडका तसाच.” त्यांनी बोट कापडाच्या कडेशी नेलं. “हा उशीचा अभ्रा आहे. आमच्याकडचा.” मग त्यांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला.

धाकटी भांडं हातात घेऊन तशीच उभी होती. पाणी नळातून वाहत होतं. अर्थात. थोरली बटर पेपरवर काही काढलं की तो नेहमी पालथा लावायची. शिसं हाताला पुसू नये म्हणून काढलेली बाजू खाली. इतक्या वर्षांत हजारदा पाहिलेली गोष्ट. कापड दिसलं आणि त्याखालचा पालथा कागद विसरला. बोर्ड फिरवून उपयोग नव्हता. तो आरपार पाहायला हवा होता. दार बरोबर होतं. बेसिन बरोबर होतं. आणि उजवीकडचं टेबल तिचं नव्हतं.

“दादा, जाऊबाईंनी त्यांचं टेबल काढायला सांगितलंय.”

ते सावकाश सरळ झाले.

“ही रेघ तुटक होती. तुटक म्हणजे पाडायचं. ते टेबल त्यांचं आहे.”

“कुठे तुटक आहे?”

“आता नाही. आता पसरली. उमटली तेव्हा होती.”

दादांनी चष्मा खाली घेतला, पुन्हा वाकून पाहिलं. “मला सलग दिसते. दोन्ही सारख्या.”

“मी पाहिली आहे.”

“तू पाहिलीस,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “फोनवर सामान घेऊन जाते म्हणालीस. आणि आत्ता म्हणतेस की ते टेबल काढा. तुला ते डोळ्यांसमोर नको आहे, एवढं सरळ सांग ना. मला राग नाही येणार.”

“डोळ्यांसमोर नाही हो. पाठीमागे.” ती बोलून गेली. मग म्हणाली, “नको आहे, हेही खरं आहे. पण रेघ तुटक होती, हेही खरं आहे.”

दोघंही बोर्डाकडे बघत उभी राहिली. दोन्ही कडांना जांभळे डाग, खाली ओघळ, आणि मधे अभ्र्याचं कोरडं पांढरं कापड.

“मधे काय आहे?” दादांनी विचारलं.

“मधे आमची स्टुलं. असतील. तो भाग मी ओला केला नाही.”

“केला तर?”

“दिसेल. लगेच बघून घ्यावं लागेल. संध्याकाळपर्यंत डाग होईल. आणि मग काहीच राहणार नाही, दादा. त्यांच्या हातचं शेवटचं आहे ते. नाही केलं तर कापडाखाली जसंच्या तसं राहील. कधीही.”

दादा घरात गेले. तिला वाटलं, आता येत नाहीत. पण ते आले. हातात वाटीभर पाणी होतं आणि कापसाच्या गुंडाळ्या, गालात ठेवायच्या. त्यांनी थोरलीच्या टेबलापासून तिचं स्टूल ओढलं, ती गेल्यापासून पहिल्यांदा, आणि त्यावर बसले.

“फिल्म धुवायचो तेव्हा असंच बसायचो,” ते म्हणाले. “दुखतंय कुठे ते पेशंट सांगतोच. पण आत काय आहे ते बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.”

त्यांनी कापूस बुडवला, पिळला आणि कापडावर टेकवला. घासला नाही. टेकवायचा, उचलायचा, शेजारी टेकवायचा. म्हाताऱ्या हाताला कंप होता, पण कापूस टेकताना तो थांबायचा. धाकटी त्यांच्या खांद्यामागे उभी होती. दोघांच्याही मनात एकच हिशेब होता, न बोलता: मधे दोन गोल येतील, पाठीला पाठ लावून. थोरलीच्या टेबलाचं स्टूल तुटक आलं तर धाकटी खरी. सलग आलं तर दादा खरे.

थोरलीच्या टेबलापाशी काहीच आलं नाही.

दादांनी तिथे पुन्हा पाणी लावलं. कापड ओलं होऊन खालचा कागद दिसू लागला. कागद कोरा होता. त्या टेबलाला स्टूलच नव्हतं.

“ओह,” दादा म्हणाले. एवढंच.

मग दुसऱ्या बाजूला, धाकटीच्या टेबलापाशी, जांभळं फुटलं. आधी एक गोल. सलग. कंपास न लावता काढलेला, सुरुवात आणि शेवट एकमेकांना ओलांडून गेलेले. धाकटीने सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला. हे तिचं स्टूल. तिने राहायचं आहे. कोणी तिला काढलं नव्हतं.

आणि मग त्याच टेबलाला, त्या गोलाला जवळजवळ चिकटून, दुसरा गोल वर आला. तोही सलग.

पत्र्यावर पक्ष्यांची नखं वाजत होती.

“दोन आहेत,” दादा म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. कित्येक महिन्यांत तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. “बघ, दोन आहेत! तिचं टेबल नको आहे तिला. ती तुझ्या टेबलाला बसणार.” ते हसले. खरोखर हसले, आणि डोळे पुसायला कापूसच वापरला, त्यामुळे गालावर जांभळं लागलं. “म्हणजे कुठे गेलेली नाही. अगं, मी उगीच ते टेबल धरून बसलो होतो. ती तिथे नाहीच.”

धाकटीने मान हलवली. तिच्या मानेवर, केसांखाली, गार वाटत होतं. ती आली होती सही करून संपवायला. तिला वाटलं होतं, आपल्याला काढलं तरी सुटलो, ठेवलं तरी एकटं राहायला शिकू. ही तिसरी गोष्ट तिच्या मनात आली नव्हती. पाठीमागे बसणारी बाई आता शेजारी येणार होती. आणि विचारायचं नव्हतं. विचारायला ती होतीच कुठे?

“दादा, ते नुसतं चित्र आहे हो,” ती म्हणाली.

“तूच म्हणालीस ना, तुटक म्हणजे पाडायचं? मग सलग म्हणजे?”

तिला उत्तर माहीत होतं.

टेबल दादांनीच काढलं. मदतीला ती पुढे झाली तर म्हणाले, “तू बस.” कात्र्या एका खोक्यात घातल्या, फळी सोडवली, पाय सुटे केले, एकेक बाहेर नेऊन भिंतीला उभे केले. जमिनीवर टेबलाच्या पायांचे ठसे राहिले. मग त्यांनी ओल्या फडक्याने थोरलीचं स्टूल पुसलं आणि धाकटीच्या स्टुलाला टेकवून ठेवलं, तिच्या डाव्या हाताला. चित्रात होतं तेवढ्याच अंतरावर. बोट धरून मोजून घेतलं. चित्र तोपर्यंत फुटायला लागलं होतं. दोन्ही गोल एकमेकांत शिरून एकच काहीतरी झालं होतं, लांबोडकं, जांभळं.

“घे,” दादा म्हणाले, दारातून. “डाव तुझाच आहे ना अजून?” आणि ते घरात गेले. जाताना शीळ घालत होते.

धाकटी बसली. डावा कोपर कुठे ठेवायचा ते तिला सुचेना. तिने स्टोव्ह पेटवून नवी खळ केली, ती गार होऊ दिली. एक राखाडी कागद घेतला आणि जांभळ्यावर न लावता त्याच्या कडेने फाडून लावला, म्हणजे उरलेलं उघडं राहील. पुसून हात कोरडे केले. सवयीने बोर्ड उचलून ती मागे वळली, आणि मागे टेबल नव्हतं. रिकामी जमीन होती, ठसे होते, वरून उजेड पडत होता.

ती पुन्हा समोर वळली. बोर्ड टेबलावर ठेवला. मग तो हातभर डावीकडे, दुसऱ्या स्टुलासमोर, सरकवला, आणि खळ वाळेपर्यंत त्या बाजूला बघायचं नाही असं ठरवून बसून राहिली.